सात हजार पौंडांचा ट्रेलर आणि 'फुकटात मिळणारा' हिच: जाणकारांनी मदत करावी

टेकडीपलीकडे
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. दोन वर्षं तंबू ठोकून कॅम्पिंग केलं. मागच्या ऑगस्टमध्ये गारा पडल्या आणि तंबूची चाळणी झाली. त्या रात्री गाडीत अवघडून झोपताना नवऱ्याने जाहीर केलं, आता डोक्यावर पक्कं छप्पर हवं. तर एक सत्तावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर बुक केलाय, तीन आठवड्यांत ताब्यात येईल. ओढायला घरचीच फोर्ड एफ-१५० आहे, २०२१ची, चार दारांची.

डीलरकडचा माणूस म्हणाला, "तुम्हाला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागेल, तो आम्ही पॅकेजमध्ये फुकट देतोय." हिच म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडायचा लोखंडी सांधा, इतकंच मला कळतं. त्यावर ६,०००/६०० असं लिहिलंय. त्याचा हिशोब असा की ट्रेलर ५,६०० पौंडांचा, म्हणजे ६,०००च्या आत. पुस्तिकेत हिच वेट ५९०, म्हणजे ६००च्या आत. झालं!

मला हे गणित जरा जास्तच चोख बसलंय असं वाटतंय. नवरा म्हणतो फुकट मिळतंय ते घे मुकाट्याने. नेटवर शोधायला बसले तर साखळीवाला, चार पॉइंटवाला, तीन हजार डॉलरवाला... डोकं गरगरलं. हा ६०० वाला पुरेल का? नसेल तर कुठला घेऊ? आणि मुळात हा हिच नक्की करतो काय, हे कोणी मराठीत सांगेल का?

चिवडा_चहा
वाचतोय. आम्हीही याच वाटेवर आहोत.

तीन_चाकी
ताई, संशय आलाय तो बरोबर आहे. हिचचं नंतर बघू. आधी दोन आकडे द्या:

ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं की खांबावर एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं, टायरच्या हवेच्या आकड्यांचं. त्यावर "माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनापेक्षा जास्त नको" असं वाक्य असतं. तो आकडा. आणि ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे चिकटवलेल्या पट्टीवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन.

५,६०० हे ड्राय वेट आहे. त्यात गॅस नाही, बॅटरी नाही, पाणी नाही, तुमचा कुकर नाही. असा ट्रेलर रस्त्यावर कोणीच ओढत नाही. तो फक्त पुस्तिकेतच धावतो.

टेकडीपलीकडे
धन्यवाद! डीलरला फोन केला, ट्रकचं दार उघडून स्वतः वाचलं.
ट्रकचं स्टिकर: १,४८० पौंड.
ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर: ७,४०० पौंड.
आम्ही चौघं (दोन मोठे, दोन पोरं) मिळून ५४० पौंड. हो, खरंच मोजलं. कोणाचं किती ते विचारू नये.

तीन_चाकी
आता बघा. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट (पुस्तिकेतलं 'हिच वेट' ते हेच), म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा हिचच्या चेंडूवर, त्या लोखंडी गोळ्यावर, पडणारा भार, भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. ७,४००चे अगदी कंजूष १० टक्के धरले तरी ७४०. तुमचा 'फुकट' हिच ६०० वर संपतो. १३ टक्के धरले, जे या आकाराच्या ट्रेलरला नेहमीचं आहे, तर ९६०. म्हणजे तो हिच बादच.

आता दुसरी गंमत. ९६० टंग वेट, अधिक हिचचं स्वतःचं वजन ९०च्या आसपास, अधिक तुम्ही चौघं ५४०. झाले १,५९०. स्टिकर म्हणतं १,४८०. ११० पौंड जास्त, आणि मागच्या डब्यात अजून एक सायकलही ठेवलेली नाही.

ट्रकची जाहिरात "अमुक हजार पौंड ओढतो" म्हणते ती खोटी नाही. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. एफ-१५०सारखे ट्रक ओढण्याच्या ताकदीत क्वचितच कमी पडतात. आधी संपतो तो पेलोड, म्हणजे पाठीवर ओझं घ्यायची मर्यादा.

टेकडीपलीकडे
अरे देवा. ट्रेलरचे पैसे भरून झालेत हो. हिचने पेलोड वाढत नाही का? नावातच 'डिस्ट्रिब्यूशन' आहे ना?

तीन_चाकी
नाही वाढत. स्टिकर आहे तेच राहतं. हिच फक्त आलेला भार कुठल्या चाकांवर किती जाईल ते बदलतो.

तुमच्या ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर बहुतेक १४५ इंच असेल. चेंडू मागच्या ॲक्सलच्याही मागे, साधारण ६२ इंचांवर. म्हणजे चेंडूवर ९०० पौंड ठेवले की मागचं चाक टेकू होतं आणि ट्रकची तरफ होते. पुढची चाकं ३८५ पौंडांनी हलकी होतात आणि मागची ९०० ने नाही, तब्बल १,२८५ ने जड होतात. पुढचं हलकं झालं की स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं, पुढचे ब्रेक पकड गमावतात आणि रात्री तुमचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

आता कल्पना करा, ट्रकच्या मागच्या रिसिव्हरमध्ये (हिच घुसवायच्या चौकोनी नळीत) दोन लांब पहारी घातल्यात आणि दोन गडी त्यांची मागची टोकं जोर लावून वर उचलतायत. काय होईल? ट्रकची शेपटी वर, नाक खाली. पुढच्या चाकांवर वजन परत आलं. आणि ते गडी उभे कुठे आहेत? ट्रेलरच्याच दांडीवर. त्यामुळे त्यांच्या पायाखालचा दाब ट्रेलरच्या चाकांवर जातो. मागच्या ॲक्सलवरचं ओझं असं थोडं पुढे, थोडं मागे वाटलं जातं. हिचचे दोन स्प्रिंग बार म्हणजे त्या पहारी. बास, इतकंच यंत्र आहे.

ऊसकरी
अमेरिकेतलं मला काय कळत नाही, पण हे वाचून हसू आलं. आमच्या वाळवं तालुक्यात हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय. बैलगाडीत ऊस मागं जास्त पडला की गाडी उलाळ होती. धुरा वर उचलतो, जू मानेवरनं उठतं अन् बैलाच्या गळ्याला काच बसतो. आन् पुढं जास्त भरला तर बैल मान टाकतो. गाडी भरणारा मोळ्या रचतानाच जू हातानं उचलून बघतो. तुमचं ते दहा ते पंधरा टक्के म्हणजे हेच की.

अन् ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला जाताना चढाला म्होरली चाकं उचलत्यात ते तर सगळ्यांनीच बघितलंय. मग बॉनेटवर दोन गडी बसवायचे. तुमचे गडी मागं उभे, आमचे पुढं, एवढाच फरक.

तीन_चाकी
ऊसकरी, साष्टांग दंडवत. 'उलाळ' हा शब्द आजोबांकडून ऐकला होता, विसरलोच होतो. ताई, तुमच्या ट्रेलरमध्येही मागे सायकलींचा रॅक लावलात तर तो उलाळच होणार. टंग वेट कमी होतं आणि शेपटी डोलायला लागते. इथे त्याला 'स्वे' म्हणतात, आणि त्यात माणसं मरतात.

बाबूराव_टेक्सासवाले
एवढा काथ्याकूट कशाला? सगळ्यात मोठा १,४०० पौंडांचा बार घ्या, चिंता मिटली. आमच्या टेक्सासात मोठंच घेतात सगळं.

अप्पा_बेकर्सफिल्ड
बाबूराव, ते मिशांना शोभतं, हिचला नाही. 😄 बार हा स्प्रिंग असतो, तो वाकायला हवा. ८५० पौंडांच्या दांडीला १,४००चा बार लावला तर तो वाकतच नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ट्रेलरच्या फ्रेमला आणि तुमच्या मणक्याला थेट पोचतो. लहान बार वजन हलवू शकत नाही आणि फार मोठा हाणतो. म्हणून आधी वजन ठरवायचं, मग बार.

मी निवृत्त झाल्यापासून बायकोसोबत ट्रेलर घेऊन फिरतो, आता अकरावं वर्ष. ग्रेपव्हाइनचा घाट महिन्यातून दोनदा चढतो-उतरतो. त्या अनुभवातून प्रकार सांगतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे साखळीवाले. गोल किंवा चौकोनी बार, टोकाला साखळी, ती ओढून कड्यात अडकवायची. तीन-चारशे डॉलरमध्ये मिळतात. वजन व्यवस्थित वाटतात, पण डोलणं थांबवत नाहीत. त्यासाठी बाजूला वेगळा घर्षणाचा दांडा लावावा लागतो, आणि तो मागे घेताना काढायला किंवा सैल करायला विसरलात की वाकतो. मी दोन वाकवलेत. लहान, हलक्या ट्रेलरला चालतात.

मग चार पॉइंटवाले, इक्वलायझर नावाने मिळणारा यातला प्रसिद्ध. साखळी नाही. बार थेट ट्रेलरच्या दांडीवरच्या कंसांवर टेकतात आणि घासतात. दोन्ही टोकांना घर्षण, म्हणून चार पॉइंट. वजन वाटणं आणि डोलणं रोखणं, दोन्ही कामं एकच बार करतो. मागे घेताना काही काढावं लागत नाही. जड आहेत, वळताना कुरकुरतात. ताई, तुमच्या ट्रेलरला माझं मत यालाच.

ब्लू ऑक्ससारख्यांत साखळी असते, पण बार आधीच आत वळवल्यासारखे बसवलेले, त्यामुळे ट्रेलर आपोआप सरळ रेषेत यायला बघतो. आवाज कमी. हेही चांगले.

अँडरसनवाल्यात बार नाहीतच. साखळ्या आणि रबरासारखे बुश. साठेक पौंडांचा, हाताळायला सोपा, आवाज नाही. पण जड दांडीचा भार पुढे ढकलायला जरा अपुरा पडतो असं माझं मत. तुमच्यासारख्या ८००-९०० पौंडांना मी घेणार नाही.

आणि शेवटचा तो तीन हजार डॉलरवाला, हेन्सली आणि प्रोप्राइड. दोन्हींमागे डोकं एकाच माणसाचं, जिम हेन्सलीचं. यात घर्षणाने डोलणं *दाबत* नाहीत, जोड अशा सांगाड्याने केलेला असतो की ट्रेलरचा फिरण्याचा बिंदू जणू ट्रकच्या मागच्या ॲक्सलजवळ सरकतो. बाजूने ट्रक गेला तरी ट्रेलर डोलायला सुरुवातच करत नाही. ३० फुटांच्या वर, वर्षभर रस्त्यावर असाल तर पैसे वसूल. वर्षातून सहा वेळा मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्या पैशात ट्रेलरला चांगले टायर घ्यावेत.

चिवडा_चहा
अप्पा, वाचनखूण साठवली! आमच्याकडे तीन रांगांची एसयूव्ही आहे, ५,००० पौंड ओढते म्हणतात. आम्हीही असा हिच लावू का?

अप्पा_बेकर्सफिल्ड
आधी मॅन्युअल उघडा. काही एसयूव्हींच्या कंपन्या हा हिच लावूच नका म्हणतात, कारण बॉडी तो पीळ सोसायला बनवलेली नसते. काही म्हणतात अमुक वजनाच्या वर लावलाच पाहिजे. अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही ही. आणि ५,००० पौंडांच्या गाडीला ५,०००चा ट्रेलर बघू नका, रिकामा ३,५००च्या आत बघा.

तीन_चाकी
याला जोडून, टेकडीताई, ट्रकखाली वाकून रिसिव्हरवरचं स्टिकर वाचा. दोन ओळी असतात. वजन वाटणारा हिच नसताना किती, आणि असताना किती. एफ-१५०ला पहिली ओळ बहुतेक ५,०००/५०० असते. म्हणजे तुमच्या बाबतीत हा हिच हौसेचा नाही, कंपनीच्याच नियमाने लागतो. दुसरी ओळ तुमच्या ९६०च्या वर असेलच, पण डोळ्यांनी बघा.

निर्मोही_नागपूरकर
धागा छान चाललाय. एक बाळबोध प्रश्न, आपल्याकडे असं का दिसत नाही? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन धोरण आणलं होतं ना?

बाबूराव_टेक्सासवाले
आणलं होतं. पण आपल्याकडे जे दिसतात ते बहुतेक इंजिनासकट एकसंध कॅम्परव्हॅन. गाडीमागे सत्तावीस फुटांचं घर लावून खंबाटकी उतरायचा म्हणजे काय होईल कल्पना करा. आणि ते घर सोसायटीत लावणार कुठे? सेक्रेटरी आधी ट्रेलर हाकलेल, मग तुम्हाला.

टेकडीपलीकडे
हा हा. धागा भरकटू नका रे, माझे दोन आठवडे उरलेत!

स्टिकर वाचलं, पहिली ओळ ५,०००/५००च आहे. दुसरी १,२००च्या वर, त्यामुळे तिथे ठीक. मग मी डीलरला सांगितलं की तुमचा हिच नको, त्याचे पैसे बिलातून वजा करा. तो म्हणाला, "सगळे हाच नेतात, आजवर कोणी तक्रार केली नाही." मी म्हटलं, मी करतेय. तासभर घासाघीस करून २५० डॉलर कमी झाले. चार पॉइंटवाला १०,०००/१,००० मागवलाय. १,२००चा का नाही, असं नवऱ्याने (आता तोही धागा वाचतोय!) विचारलं.

तीन_चाकी
कारण तुम्ही आता सामान कमी करणार आहात आणि टंग वेट साडेआठशे-नऊशेत बसवणार आहात. १,०००चा बार तिथे नीट वाकेल. एक लक्षात ठेवा, ट्रकच्या डब्यात मागच्या ॲक्सलच्या *मागे* ठेवलेलं सामानही हिचच्या वाट्याला येतं, ते टंग वेटमध्ये धरायचं. म्हणून जड पेट्या डब्यात पुढे, केबिनला चिकटून.

कमी काय करता येईल? दांडीवरचे दोन गॅस सिलिंडर भरलेले ७५ पौंड होतात, त्यातला एकच भरून न्या. पाण्याची टाकी किती गॅलनची आणि कुठे आहे?

टेकडीपलीकडे
४६ गॅलन. पलंगाखाली, म्हणजे चाकांच्या पुढे.

तीन_चाकी
एक गॅलन पाणी साडेआठ पौंडांना जरासं कमी. म्हणजे भरलेली टाकी ३८० पौंडांच्या वर, आणि तीही पुढे! तिचा बराच वाटा थेट दांडीवर. कॅम्पग्राउंडवर नळ असेल तर घरून पाणी नेऊच नका. जनरेटर, लाकडं, लोखंडी तवे यांचा पुन्हा विचार करा. ट्रेलरच्या पुढच्या पोटातली ती मोठी कपाटं दिसायला छान, पण प्रत्येक वस्तू दांडीवर चढते. जड वस्तू चाकांच्या वर किंवा जराशा पुढे, हलकं सामान टोकांना.

आणि मागे काही टांगून टंग वेट कमी करायचा मोह आवरा. आकडा सुधारतो, ट्रेलर बिघडतो.

खडकीवाला_ओमाहा
मोह आवरा म्हणताय त्यावर माझा किस्सा.

चार वर्षांपूर्वी वायोमिंगमधून आय-८० ने येत होतो, लॅरमीच्या पश्चिमेला. तिथला वारा माहीत असणाऱ्यांना माहीत आहे. मी मागच्या बंपरवर चार सायकली आणि एक जनरेटर बांधला होता, पुढे सगळं रिकामं. हिच होता, साखळीवाला, डोलणं रोखणारा दांडा घरी गॅरेजमध्ये. उतारावर ६८ मैलांचा वेग. डावीकडून अठरा चाकी गेला, त्याने आधी ओढलं, मग ढकललं. आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी जास्त. मी घाबरून ब्रेक दाबला. तीच चूक. ट्रकने ब्रेक घेतला की ट्रेलर मागून ढकलतो आणि डोलणं वाढतं.

बायको ओरडली, "ते खालचं बटण!" ब्रेक कंट्रोलरवर हाताने दाबायची खीळ असते, तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मी ती दाबली, ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं. ट्रेलरने मागून ताणलं आणि सगळं एका रेषेत आलं. पुढच्या एक्झिटला उतरून अर्धा तास नुसते बसलो होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, तुझे हात हलतायत."

ताई, रिकाम्या पार्किंगमध्ये ती खीळ दाबायचा सराव करा. दोघांनीही. हिच कितीही भारी असला तरी.

टेकडीपलीकडे
बापरे. वाचून घाम फुटला. सराव नक्की.

बाबूराव_टेक्सासवाले
मीही मिशा जरा खाली घेतो. ट्रेलरच्या टायरवर एसटी (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असतं, त्यातल्या बऱ्याच टायरची वेगाची मर्यादा ६५ मैल आहे. माझ्या टायरवर ते छापलेलं मी तिसऱ्या वर्षी वाचलं. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५.

अप्पा_बेकर्सफिल्ड
आता काट्यावर जायचं. हायवेच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पंधरा-वीस डॉलरमध्ये पहिलं वजन, लगेच दुसरं केलं तर काही डॉलरच. त्याला तीन पट्ट्या असतात, पुढची चाकं एका पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या. नेहमीच्या सामानासकट, ट्रकची इंधनाची टाकी फुल, सगळे गाडीत बसून तीनदा जा:

एकदा ट्रेलर जोडून बार ताणलेले. एकदा जोडूनच पण बार काढलेले. एकदा ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसता ट्रक.

दुसऱ्यातल्या ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या बेरजेतून तिसरं वजा केलं की खरं टंग वेट. तीनही चिठ्ठ्या इथे टाका.

डीलरने हिच लावून दिला तरी समाधान मानू नका. तो रिकाम्या ट्रेलरवर लावतो. सामान भरल्यावर पुन्हा बसवावाच लागतो. घरी सपाट जागेवर पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची टेपने मोजा. ट्रेलर नसताना, जोडल्यावर, आणि बार लावल्यावर. जोडल्यावर जितकी वर गेली त्याच्या निम्मी खाली आली पाहिजे. फोर्ड एफ-१५०ला निम्मंच सांगते, पूर्ण खाली आणायच्या नादी लागू नका. कमी पडलं तर हिचच्या डोक्यातल्या पिनेवर वॉशर वाढवा, डोकं मागे झुकतं, बार जास्त ताणतात.

आणि बार कधीही हाताच्या जोरावर चढवू-उतरवू नका. कपलर, म्हणजे दांडीच्या टोकाची वाटी, चेंडूवर लॉक करा, मग दांडीचा जॅक वर घ्या. ट्रक-ट्रेलर दोन्हीची शेपटी-नाक वर येतात आणि बार आपोआप सैल होतो. ताणलेला बार सुटला तर नडगी फोडतो.

टेकडीपलीकडे
(दोन आठवड्यांनंतर)

मंडळी, ट्रेलर आला! आणि आम्ही गेलो कॅट स्केलवर. पोरांना वाटलं हीच ट्रिप आहे. "आई, आता चौथ्यांदा जायचं का?" असं विचारत होती.

पाण्याची टाकी रिकामी, एक सिलिंडर भरलेला, जनरेटर घरी, सायकली ट्रेलरच्या आत, चाकांच्या वर बांधलेल्या. चिठ्ठ्या:

नुसता ट्रक: पुढे ३,३००, मागे २,७८०. एकूण ६,०८०.
जोडलेला, बार काढलेले: पुढे २,९४०, मागे ३,९८०, ट्रेलर ५,८६०.
जोडलेला, बार ताणलेले: पुढे ३,१२०, मागे ३,६८०, ट्रेलर ५,९८०.

ट्रकच्या दारावर एकूण मर्यादा ६,९०० आणि मागच्या ॲक्सलची ३,८०० लिहिलीय. तपासून द्या प्लीज. नवरा म्हणतोय मी पास झाले, मला तीन_चाकींकडून ऐकायचंय.

तीन_चाकी
पास! आणि धाग्याला शोभेल अशी चिठ्ठी आणलीत.

टंग वेट: ६,९२० वजा ६,०८०, म्हणजे ८४०. ट्रेलर एकूण ६,७०० (चाकांवरचे ५,८६० अधिक दांडीवरचे ८४०), त्याच्या १२.५ टक्के. झकास. मी ९६० धरले होते, तुम्ही सामान कमी करून १२० वाचवलेत.

बार नसताना पुढचे ३६० गेले होते, बारने १८० परत आणले. बरोबर निम्मे. वॉशरला हात लावू नका.

आणि हे बघा, बार नसताना ट्रक ६,९२०, म्हणजे मर्यादेच्या २० वर, आणि मागचा ॲक्सल १८० ने वर. बार लावल्यावर ट्रक ६,८००, मागचा ३,६८०, दोन्ही मर्यादेत. १२० पौंड ट्रेलरच्या चाकांवर गेले. 'पेलोड वाढत नाही' या माझ्या वाक्यावर मी ठाम आहे, पण काठावरच्या माणसाला या १२० पौंडांनी तारलं, हे कबूल. फक्त आता सासू-सासरे आले तर ते दुसऱ्या गाडीने.

टेकडीपलीकडे
सासूबाई हा धागा वाचतात. 🙈

ऊसकरी
तीन चिठ्ठ्या बघून आमच्या कारखान्याचा काटा आठवला. तुमचा काटा खरा दिसतोय. बाकी काय बोलत नाही.

टेकडीपलीकडे
काल पहिली फेरी झाली. लांब नाही, घराजवळच चॅटफिल्ड स्टेट पार्क, एक रात्र. जाताना सी-४७० वर एक मोठा ट्रक शेजारून गेला, मी खिळीवर हात ठेवून बसले होते. ट्रेलर जरासा खांदा उडवल्यासारखा हलला आणि गप्प. पुढचं नाक खाली, स्टिअरिंग घट्ट.

कॅम्पग्राउंडमध्ये वळताना मात्र हिचने असा कर्रर्र आवाज काढला की शेजारच्या ट्रेलरमधला म्हातारा कॉफीचा कप घेऊन बाहेर आला. अप्पा, हे नॉर्मल आहे ना? की ग्रीस लावू बारला?

अप्पा_बेकर्सफिल्ड
नॉर्मल. बार जिथे कंसावर टेकतो तिथे ग्रीस अजिबात नको, ते घर्षणच तुमचं डोलणं थांबवतं. ग्रीस फक्त चेंडूवर आणि बार डोक्यात जिथे घुसतो तिथल्या खोबणीत. पन्नासेक मैल झाले असतील, तर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघून घ्या, नवीन हिचचे हमखास ढिले होतात. आणि त्या म्हाताऱ्याला पुढच्या वेळी चहा द्या. असले लोक ट्रेलर मागे घेत जागेवर लावायला फार छान मदत करतात.